दिवाणखान्यातली डबी: घ्यावी की न घ्यावी?

दिवाळी तोंडावर आली की मध्यमवर्गीय घरात दोन याद्या तयार होतात. पहिली गृहिणीची. तिच्यात भाजणीचे सामान, खोबरे, उटणे, पणत्या आणि मुलांचे कपडे असतात; ती कागदावर उतरते आणि तिच्यातल्या बहुतेक वस्तू घरात येतातही. दुसरी यादी कागदावर कधीच येत नाही. ती यजमानांच्या किंवा कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांच्या डोक्यात असते आणि फराळाच्या ताटावर, सगळ्यांची तोंडे गोड झाल्यावर, हळूच बाहेर काढली जाते. ह्या दुसऱ्या यादीत अलीकडे एका वस्तूने जागा पटकावली आहे. टीव्हीला जोडून दिवाणखान्यात ठेवायचा छोटा संगणक! तो घ्यावा की नाही, घेतला तर कसला घ्यावा आणि त्याने घराचे नेमके काय भले होणार, याचा जमाखर्च आज मांडू.

प्रथम ही वस्तू म्हणजे काय ते पाहू. संगणक म्हटला की अजूनही आपल्या डोळ्यांपुढे टेबलाखालचा तो घरघरणारा उभा डबा येतो. ही वस्तू तशी नव्हे. पाव किलो पेढ्यांचे खोके असते ना, साधारण तेवढीच ही डबी. मागल्या बाजूने एक तार टीव्हीला जाते, एक विजेला, आणि इंटरनेट बिनतारी येते. हवी तर टीव्हीच्या पाठीला स्क्रूने अडकवून टाकावी. पाहुण्यांना पत्ताही लागत नाही.

पण ती एका दिवसात एवढी लहान झालेली नाही. दिवाणखान्यात संगणक ठेवण्याची हौस २००२ सालापासूनची आहे. त्या साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती काढली. दूर सोफ्यावर बसून रिमोटने संगणक चालवावा, ही तिच्यामागची कल्पना. पण तेव्हाचे संगणक जुन्या व्हीसीआरएवढे अवजड आणि आवाज करणारे. जानेवारी २००५ मध्ये ॲपलचा ‘मॅक मिनी’ आला. साडेसहा इंच चौरस आणि दोन इंच उंच. त्यानंतर २०१३ च्या सुमारास इंटेलने ‘नक’ नावाची डबी बाजारात आणली. तिच्यातली मुख्य पाटी जेमतेम चार इंच चौरस होती. इंटेलने २०२३ मध्ये हा धंदा सोडला आणि तो आसूसने पुढे चालवला. गंमत अशी की ज्या ‘मीडिया सेंटर’ने ही हौस लावली, ते मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या विंडोज १० मधून काढूनच टाकले. हौस लावणारा निघून गेला आणि हौस मात्र मागे राहिली!

ती टिकवून धरली एका फुकट मिळणाऱ्या प्रणालीने. २००२ मध्ये काही हौशी मंडळींनी ‘एक्सबॉक्स’ ह्या खेळाच्या यंत्रासाठी ती लिहायला घेतली. २०१४ पासून तिचे नाव ‘कोडी’. आपल्या डिस्कवरचे चित्रपट, गाणी आणि फोटो ती नीट विषयवार लावून, मुखपृष्ठांसकट पडद्यावर मांडते. येथे एक खुलासा केलाच पाहिजे. कोडी हा ग्रंथपाल आहे, ग्रंथालय नव्हे. त्यात एकही चित्रपट नसतो. “ही डबी घ्या, जगातले सगळे सिनेमे फुकट,” असे कोणी दुकानदार सांगू लागला, तर तो चोरीचा माल विकतो आहे असे समजून पायऱ्या उतराव्या.

आता मुख्य प्रश्न. आपल्या घरात स्मार्ट टीव्ही आहे किंवा साध्या टीव्हीला जोडलेली एक स्टिक आहे. मालिका, क्रिकेट, सिनेमे, सगळे त्यावर दिसते. मग संगणकाने अधिक काय होणार?

ह्याचे खरे उत्तर दुकानात सहसा मिळत नाही. वर्गणी भरून पाहायच्या ज्या चित्रसेवा आहेत, त्यांच्यासाठी संगणक ही स्टिकपेक्षा सरस वस्तू नाही. उलट कित्येकदा कमीच पडते. त्याचे कारण यंत्राच्या ताकदीत नसून कुलपात आहे. चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून मालक मंडळी त्याला डिजिटल कुलूप लावतात. स्टिक आणि स्मार्ट टीव्ही यांच्या पोटात त्या कुलपाची पक्की किल्ली कारखान्यातच बसवलेली असते. संगणकाच्या ब्राउझरमध्ये बहुधा तेवढी पक्की किल्ली नसते. म्हणून अनेक सेवा संगणकाला उतरत्या दर्जाचे चित्र देतात आणि ‘फोर-के’ म्हणतात ते सर्वांत रेखीव चित्र चार-सहा हजारांच्या स्टिकला देतात. डबीसाठी त्याच्या चौपट-पाचपट पैसे मोजून चित्र मात्र फिके, अशी गत व्हायची! तेव्हा ज्या घरात केवळ ह्या सेवाच पाहायच्या आहेत, त्या घराने हा लेख येथेच थांबवून चकल्यांकडे वळायला हरकत नाही.

मग डबी कोणासाठी? ज्या घरात स्वतःचे असे काही पाहण्या-ऐकण्यासारखे आहे, त्या घरासाठी. मुलांच्या बारशापासूनचे फोटो फोनाफोनांत विखुरलेले आहेत; वडिलांनी जमवलेल्या नाट्यगीतांच्या सीडी आहेत; लग्नाच्या, मुंजीच्या व्हिडिओ कॅसेटी कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात आहेत. हे सारे एका जागी आणून मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून पाहायचे, तर संगणकासारखे साधन नाही. शिवाय परदेशातल्या मुलाशी बोलताना डबीला कॅमेरा जोडला की सगळे घर त्याला एकदम दिसते. आजोबांना फोन हातात धरून स्वतःचे कपाळ दाखवत बसावे लागत नाही. मुलांना अभ्यासाचे व्याख्यान मोठ्या पडद्यावर लावता येते. आणि आणखी एक लाभ, फारसा कोणाच्या ध्यानात न येणारा. अनेक स्मार्ट टीव्हींत, आपण पडद्यावर काय पाहतो याची नोंद परस्पर बाहेर धाडण्याची सोय असते. ती सेटिंगमध्ये शिरून बंद करावी लागते. टीव्हीला इंटरनेट न देता सगळे काम संगणकाकडे सोपवले, तर निदान त्या बाजूचे दार बंद होते.

आयुर्मानाचाही विचार व्हावा. स्मार्ट टीव्हीचा पडदा दहा वर्षे चालतो, पण त्यातली अक्कल चार-पाच वर्षांतच म्हातारी होते. नवी ॲप चालेनाशी होतात आणि कंपनी नवी आवृत्ती पाठवण्याचे थांबवते. डबीचे तसे नाही. बहुतेक डब्यांत स्मृती आणि डिस्क बदलता येतात, प्रणाली नवी घालता येते, आणि पुढेमागे टीव्हीपुढून उठवली तरी अभ्यासाच्या टेबलावर ती कामाला लागते.

इतका हिशेब कागदावर ठीक आहे. पण घर हिशेबावर चालत नाही. आमच्या परिचयातल्या दादरच्या एका घरात गेल्या वर्षी ह्याच प्रश्नावरून थोडी धुसफूस झाली. नातू इंजिनिअरिंगला. त्याचे म्हणणे, स्टिक काढून टाकू आणि सगळे संगणकावर आणू. आजींचे वय एक्याऐंशी. त्या आपल्या जागेवरून म्हणाल्या, “अरे, पण माझी दुपारची मालिका त्यात लागेल ना रे बाळा?”

“लागेल की आजी. नुसता माऊस हलवायचा, ब्राउझर उघडायचा, मग...”

“म्हणजे नाही लागणार,” आजी म्हणाल्या.

यावर सूनबाई जे बोलल्या ते आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या मुलाला म्हणाल्या, “तू कॉलेजात, आम्ही दोघं ऑफिसात. दुपारी घरात आई एकट्या असतात. ते यंत्र मध्येच अडून बसलं, काही विचारायला लागलं, तर त्यांनी कोणाला हाक मारायची? त्या रिमोटची चार बटणं त्यांना येतात. दुपारभर त्यांना कोणाचं तोंड बघावं लागत नाही ते त्या चार बटणांमुळे. ती काढून घ्यायची नाहीत.”

दिवाणखान्यात येणाऱ्या कोणत्याही यंत्राची परीक्षा ह्या एका वाक्यात आली. घरातल्या सर्वांत हुशार माणसाला ते चालवता येते का, हे पाहून उपयोग नाही. घरात एकट्या राहणाऱ्या माणसाला ते चालवता येते का, हे पाहावे. टीव्ही ही घरातली सामाईक वस्तू आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईला दूरदर्शन आले, तेव्हा एका संचाभोवती सगळी चाळ जमायची. पण बटण कोणालाही फिरवता येत असे. आज संच घरोघर झाले, आणि बटण मात्र एका माणसाच्या हाती गेले, तर ती प्रगती म्हणायची कशी?

त्या घरात अखेर तोड निघाली. स्टिक होती तशीच टीव्हीच्या पहिल्या खाचेत राहिली. डबी दुसऱ्या खाचेत आली. टीव्ही सुरू केला की आजींची ओळखीची पाटी समोर येते. डबी हवी त्याने खाच बदलून घ्यावी. नातवाने तिच्यावर फोटो, गाणी चढवली. मग कपाटातली वडिलांच्या मुंजीची कॅसेट निघाली, १९८७ सालची. ती एका स्टुडिओतून डिजिटल करून आणली आणि एका रविवारी लावली. चित्र धूसर, रंग विटलेले, मध्येच आडव्या रेघा. त्या गर्दीत कडेला नऊवारीतल्या एक वृद्ध बाई कोणाला तरी “पानं मांडा आता, मुलं भुकेजली आहेत” असे सांगताना दिसल्या. त्या आजींच्या आई. मुंजीनंतर दोन वर्षांनी वारल्या. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आवाज विसरले होते रे मी तिचा. पुन्हा लाव.” त्यानंतर डबीला एक छोटा रिमोट घेतला गेला, आणि ती खाच कशी बदलायची हे आजी आपण होऊन शिकल्या.

असो. आता ज्यांचे मन डबीकडे झुकले असेल त्यांच्यासाठी थोडी आकडेमोड.

पहिली गोष्ट, विजेची. साध्या छोट्या संगणकाला चित्रपट दाखवताना सुमारे १५ वॅट लागतात असे धरा. रोज ४ तास वापरला तर वर्षाला जवळपास २२ युनिट होतात. जुना उभा संगणक ६० वॅट घेत असेल, तर तेवढ्याच वापराला ८७ युनिट. आणि तोच चोवीस तास चालू ठेवला तर वर्षाला ५२५ युनिट! म्हणून अडगळीतला जुना डबा ‘फुकटात’ दिवाणखान्यात आणण्याआधी विजेचे बिल नजरेपुढे आणावे.

दुसरी गोष्ट, फोर-केची. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात आणि साध्या फुल एचडी चित्रात सुमारे २१ लाख. चौपट ठिपके म्हणजे चौपट सुख, असे दुकानदार सुचवतो. परंतु डोळ्यालाही मर्यादा आहे. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले बारकावे वेगळे दिसतात. त्या हिशेबाने ४३ इंची टीव्हीपासून साडेपाच-सहा फुटांच्या पलीकडे बसले, आणि ५५ इंची टीव्हीपासून सात-साडेसात फुटांच्या पलीकडे, की एचडीचे ठिपकेही वेगळे दिसत नाहीत. मग फोर-केचे तर सोडाच. रंगांचा उजळपणा निराळा. तो नव्या चित्रफितीत खरोखर अधिक असू शकतो. पण आपला सोफा भिंतीपासून किती लांब आहे, हे मोजपट्टीने मोजून मगच जादा पैसे काढावेत.

तिसरी गोष्ट, साठवणीची. दोन तासांची एक जुनी कॅसेट चांगल्या दर्जाने डिजिटल केली तर साधारण साडेचार जीबी जागा घेते. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर अशा दोनशेहून अधिक कॅसेटी मावतात. कुठल्याही मध्यमवर्गीय घराच्या सगळ्या मंगलकार्यांना ही जागा पुरून उरेल. तेव्हा चार टीबीच्या मोहात पडण्याचे कारण नाही.

दुकानात गेल्यावर पुढील प्रश्न न संकोचता विचारावेत. डबीत पंखा आहे काय, आणि असल्यास रात्री शांत खोलीत तो ऐकू येतो काय? बिनपंख्याच्या डब्या मिळतात. पण त्या बंद कपाटात कोंडू नयेत, तापतात. पंख्याची असेल तर दिवाळीच्या साफसफाईत तिचीही धूळ काढावी. हिच्यातला प्रोसेसर ‘एचईव्हीसी’ आणि ‘एव्ही१’ ह्या दोन्ही पद्धतींची चित्रे आपल्या अंगच्या सोयीने उलगडतो काय? २०२३ मध्ये आलेल्या इंटेलच्या ‘एन१००’सारख्या स्वस्त प्रोसेसरलाही हे साधते, मग त्याहून महागाच्या मागे लागण्याचे प्रयोजन नाही. स्मृती ८ जीबी पुरते. एचडीएमआयची खाच २.० किंवा पुढची आहे ना, हेही पाहावे; त्याहून जुनी असली तर फोर-के चित्र साठच्या वेगाने जात नाही.

वेगावरून आठवले. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि टीव्हीचा पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळा बदलतो. चोवीसने साठाला पूर्ण भाग जात नाही. म्हणून एक चित्र दोनदा, पुढले तीनदा, असे दाखवावे लागते. कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा चित्र अडखळल्यासारखे दिसते ते ह्यामुळे. कोडीमध्ये चित्रपटाप्रमाणे पडद्याचा वेग बदलण्याची सोय आहे. टीव्हीला तो वेग झेपत असेल, तर ती एकदा चालू करून ठेवावी.

रिमोटचे काय, तेही विचारून घ्यावे. टीव्हीचाच रिमोट जोडलेल्या यंत्रालाही चालावा, अशी एक सोय एचडीएमआयमध्ये आहे. तिला ‘सीईसी’ म्हणतात. बहुतेक छोट्या संगणकांत ती नसते. ‘रास्पबेरी पाय’ नावाच्या, पत्त्याच्या कार्डाएवढ्या स्वस्त संगणकात मात्र ती आहे. ज्याला हाताने चार गोष्टी जुळवण्याची आवड आहे, त्याने पायवर ‘लिब्रएलेक’ ही फुकट प्रणाली चढवावी. यंत्र सुरू होताच थेट कोडी उघडते. ज्याला ती आवड नाही, त्याने तयार डबी आणि एक छोटा बिनतारी रिमोट घ्यावा. विंडोज असलेली जुनी डबी कोणी स्वस्तात देऊ करत असेल, तर ती विंडोज ११ चालवू शकते की नाही हे पाहावे. कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे.

ह्या सगळ्याहून सोपी, आणि फुकटची, अशी एक परीक्षा आहे. घरात जुना लॅपटॉप असेलच. तो एचडीएमआयच्या तारेने टीव्हीला जोडावा आणि पंधरा दिवस वापरून पाहावा. पहिल्या दिवशी सगळे कौतुक करतील. दहाव्या दिवशी कोण वापरतो, ते पाहावे. कोणीच वापरत नसेल तर डबीही दहाव्या दिवशी तशीच पडून राहणार, हे उघड आहे. घरातले दोघेतिघे आपण होऊन वापरत असतील, तर पैसे सत्कारणी लागतील.

तात्पर्य इतके की मालिका आणि सिनेमे एवढीच गरज असेल तर स्टिक पुरेशी आहे. घरात चित्रांचा, गाण्यांचा, आठवणींचा साठा असेल आणि तो लावून ठेवायला एक तरी हौशी माणूस असेल, तर डबी घ्यावी. पण स्टिकच्या जागी नव्हे, स्टिकच्या शेजारी. आणि साठा आहे पण माणूस नाही, असे असेल तर आधी माणूस पाहावा.

डबीची घाई नाही. ती पुढल्या दिवाळीला अधिक लहान आणि अधिक बरी मिळेल. घाई आहे ती कॅसेटींची. व्हिडिओ कॅसेट वाजवणारे यंत्र बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये ते बनवणे बंद केले. आता जी यंत्रे उरली आहेत ती जुनी आणि रोज कमी होत जाणारी. दुरुस्ती करणारे हातही कमी होत चालले आहेत. कॅसेटीवरला चुंबकीय थर तर बंद कपाटातही झिजतो. मुंबईच्या दमट हवेत त्याला बुरशीही लागते. तेव्हा ह्या दिवाळीत माळा साफ करताना कॅसेटी हाती लागल्या, तर त्या पुन्हा वर न ठेवता एखाद्या चांगल्या स्टुडिओत द्याव्या. बुरशी दिसत असेल तर घरच्या यंत्रात घालून पाहू नये. डिजिटल झाल्यावर एक प्रत घरच्या डिस्कवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी बहिणीकडे किंवा भावाकडे, दुसऱ्या घरात ठेवावी. डिस्कही एके दिवशी दगा देतेच. मूळ कॅसेट मात्र टाकून देऊ नये.

आमच्या सर्व वाचक कुटुंबांना ही दीपावली सुखाची जावो.